ऑनलाइन तालमीचा एक सीझन: व्हिडिओ मीटिंग, ग्रुप आणि गुगल डॉक्स, जसं वापरलं तसं

आमची हौशी नाट्यसंस्था नाशिकची, पण माणसं आता सगळी नाशिकला नाहीत. नऊ कलाकार आणि पाच बॅकस्टेजवाले, त्यातले चार जण पुण्याला आयटीत, एक ठाण्याला बँकेत, आणि आमच्या काकू मुलीकडे बंगळूरला. गेल्या सीझनला राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी करायचं ठरलं तेव्हा संहिता हातात होती, केंद्र नाशिकच, प्रयोग परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, पण आधीचे अडीच महिने तालमी करायच्या कुठे? मग सोमवार ते शुक्रवार रात्री साडेनऊ ते अकरा ऑनलाइन आणि शनिवार-रविवार ज्यांना जमेल त्यांनी समाजमंदिराच्या हॉलमध्ये, असं ठरलं. अडीच महिने तीन गोष्टी रोज वापरल्या, त्यांचा हा रिव्ह्यू. बाहेरगावी विखुरलेल्या बऱ्याच संस्था आता असंच करतायत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी व्हिडिओ मीटिंग. अॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जो त्रास झाला तो थोड्याफार फरकाने सगळ्यांतच होतो. सुरुवातीचं वाचन एकदम मस्त झालं. सगळ्यांसमोर संहिता उघडी, चेहरे जवळ, बारीक हावभावही दिसतात, आणि कुणाला गाडी पकडायची घाई नाही. पहिल्या दीड आठवड्यात पूर्ण नाटकाची तीन वाचनं झाली, एरवी एक व्हायची मारामार असते. पाठांतरालाही एक नंबर, जोडी जोडीने अर्धा तास बसायचं आणि एकमेकांची वाक्यं पक्की करून घ्यायची.

पण पाठांतर झालं आणि सीन खेळायला लागलो तेव्हा गाडी अडली. दुसऱ्या अंकात बाप आणि मुलीचं भांडण आहे, मुलगी बोलत सुटलीय आणि बाप तिचं वाक्य "पुरे!" म्हणून मध्येच तोडतो. सगळा सीन त्या एका "पुरे"वर उभा आहे. ऑनलाइन ते "पुरे" नेहमी उशिरा यायचं, कारण बाप नाशिकला, मुलगी पुण्याला आणि मध्ये नेट. मुलगी ठरलेल्या शब्दावर यायची, मग तिचं वाक्यच संपलेलं असायचं, मग ती थांबायची, मग "पुरे". दहा-बारा दिवसांत तिला त्या थांबण्याची सवय लागली आणि शनिवारी हॉलमध्ये दोघं समोरासमोर उभे राहिले तरी ती त्या शब्दापाशी येऊन थांबली, बापाची वाट बघत! दिग्दर्शक म्हणाला, "अगं थांबू नकोस, तुला माहीतच नाहीये की तो तोडणार आहे." ती म्हणाली, "दादा, कळतंय मला, पण तोंडच थांबतंय." ती सवय मोडायला दोन शनिवार गेले, आणि आमच्याकडे शनिवार होतेच दहा.

मला हे इतकं लागलं की मी त्याबद्दल वाचत बसले. साध्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि हे वेगवेगळ्या १० भाषांत तपासलेलं आहे, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. आता फोनवरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी शिफारस आहे त्यात एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालून जातो असं धरलंय. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या उत्तम लाइन असली तरी जाऊन-येऊन ३०० मिलिसेकंद उशीर होऊ शकतो, माणसाच्या नेहमीच्या अंतरापेक्षा जास्त! ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे खपून जातं, तिथे फार तर "सॉरी, तू बोल" "नाही नाही, तू बोल" होतं. नाटकात क्यू उचलणं, म्हणजे समोरच्याच्या ठरलेल्या शब्दावर आपलं वाक्य घेणं, हेच काम आहे. आम्हाला आधी वाटायचं नेट स्लो आहे, एकाने नवीन राउटर घेतला, कुणी हॉटस्पॉट बदलून बघितला, आणि हे सगळं करूनही "पुरे" उशिराच. बिचाऱ्या बापावर आम्ही उगाच वैतागलो की तू लवकर का घेत नाहीस.

दुसरी अडचण आवाजाची. या अॅपना एका वेळी एकच माणूस बोलतो असं वाटतं, दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दाबला जातो, आणि बोलणं नाही असा आवाज आला की तो गोंगाट समजून कापला जातो. काकूंचा हुंदका कापला जायचा. त्या शेवटच्या प्रवेशात फक्त हुंदका देतात, वाक्य नाही, आणि आम्हाला स्क्रीनवर नुसतं त्यांचं हलणारं तोंड दिसायचं. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की ही कापाकापी बरीच थांबते, पण मग प्रत्येकाने वायरवाला हेडफोन लावलाच पाहिजे नाहीतर आवाज घुमतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी पहिल्याच दिवशी करून घ्या, आम्हाला दीड महिन्याने कळलं.

आणि म्यूट! विनोदी जागेवर सगळे हसतायत, दात दिसतायत आणि आवाज शून्य. पहिल्या अंकातल्या नोकराचं काम करणारा मुलगा त्या शांततेने इतका खचला की आपली जागा चुकतेय असं वाटून त्याने ती बदलली. बॅकस्टेजच्या पाचही जणांना नंतर अनम्यूट ठेवायला सांगितलं तेव्हा तो सावरला.

सगळ्यात मोठा फरक मात्र नवीन काही सुचण्याच्या बाबतीत. सातव्या शनिवारी हॉलमध्ये काकूंनी डबा टेबलावर ठेवायच्या ऐवजी, गुडघा दुखत होता म्हणून बसल्या बसल्या खाली जमिनीवरच ठेवला. साधा स्टीलचा तीन पुडांचा डबा. मग बापाला तो उचलायला वाकावं लागलं, आणि तो वाकला तसा मुलीचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. हे कुणीच बसवलेलं नव्हतं. भांडणानंतरचा समेट, ज्यासाठी लेखकाने सहा वाक्यं लिहिली होती, तो तिथे एका डब्यात झाला, आणि ती सहाच्या सहा वाक्यं काढून टाकली. पंचवीसेक रात्री आम्ही तोच सीन चौकटींत बसून केला होता आणि एकदाही असं काही घडलं नाही, कारण चौकटीत जमीनच नाही. २०२२ मध्ये नेचर या विज्ञान पत्रिकेत एक अभ्यास आला होता, त्यात दोघांच्या जोड्यांना नवीन कल्पना काढायला सांगितल्या तेव्हा व्हिडिओवरच्या जोड्यांना एका खोलीत बसलेल्यांपेक्षा कमी सुचल्या, एका मोठ्या कंपनीच्या पाच देशांतल्या इंजिनिअरांवरही तेच दिसलं. कारण म्हणे नजर स्क्रीनला खिळते, आणि नजर अडकली की डोकंही इकडेतिकडे भटकत नाही. पण त्याच अभ्यासात हेही आहे की सुचलेल्यातलं चांगलं निवडण्यात व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. आमचा अनुभव तंतोतंत हाच. पार्श्वसंगीताचे चार तुकडे होते, त्यातला कुठला घ्यायचा हे ऑनलाइन वीस मिनिटांत ठरलं.

आता व्हॉट्सअॅप ग्रुप. अॅपबद्दल माझी तक्रार नाही, ते आपलं काम करतं, पण त्यावर चौदा माणसं कशी वागतात ते सांगते. प्रयोगाच्या आठवडाभर आधी ग्रुपवर मेसेज टाकला, "सेट उतरवायला रविवारी सकाळी सातला कोण कोण येणार?" सगळ्यांनी वाचला, एकाचंही उत्तर नाही. रात्री परत टाकला, दोन अंगठे आले आणि त्या अंगठ्याचा अर्थ येतो असा की वाचलं असा, ते कळेना. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्या दिवशी नावं घालून लिहिलं, तू टेम्पोबरोबर, तू फ्लॅट (सेटच्या भिंती) धर, तू लेव्हल्स (चौथरे) मोज, आणि दहा मिनिटांत चौघांचं "हो". माणसं आळशी नव्हती, प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे तेरा आहेत ना. हेही कुणीतरी तपासून ठेवलंय, २००० साली ४०० चॅट ग्रुपमध्ये मदत मागून बघितली, ग्रुपमध्ये माणसं जास्त तेवढा मदत मिळायला उशीर, पण एकाला नाव घेऊन विचारलं की तो उशीर जवळजवळ नाहीसा. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर "कोणीतरी" हा शब्दच वापरायचा नाही असा नियम आहे.

मतदानाची, म्हणजे पोलची सोय २०२२च्या शेवटी आली, ती तारखा ठरवायला सोन्यासारखी आहे. पण एक सांभाळा, कुणी कशाला मत दिलं ते तिथे दिसतं. वेशभूषेच्या दोन पर्यायांवर पोल टाकला आणि दिग्दर्शकाने पहिल्याच मिनिटाला निळ्या साडीला मत दिलं, मग बारा जणांची निळी. प्रत्यक्षात भेटल्यावर निम्मे म्हणाले आम्हाला हिरवीच आवडली होती. आता दिग्दर्शक सगळ्यात शेवटी मत देतो.

आणि "बघू". लेखकाने नवीन शेवट लिहून पाठवला, दिग्दर्शकाने उत्तर दिलं "बघू." टिंबासकट. लेखक दोन दिवस गप्प. दिग्दर्शकाला म्हणायचं होतं की आज रात्री तालमीत करून बघू! समोर असता तर आवाजावरून कळलं असतं. २००५च्या एका प्रयोगात लोकांनी ईमेलवर खोचक आणि सरळ अशी वाक्यं पाठवली, पाठवणाऱ्यांना वाटलं समोरच्याला ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, कळलं ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं. तेच बोलून दाखवलं तेव्हा ७३ टक्के. म्हणून संहितेवरचं मत ग्रुपवर लिहायचं नाही, फोन करायचा, किंवा निदान व्हॉइस मेसेज.

राहिलं गुगल डॉक्स, आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. संहिता तिथे ठेवली, सगळ्यांना कमेंट करायची मुभा. आमच्याकडे प्रकाशयोजना सांभाळणारी एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, दोन वर्षं संस्थेत आहे आणि हॉलमधल्या चर्चेत तिने कधी तोंड उघडलं नव्हतं, खरं म्हणजे आम्ही उघडू दिलं नव्हतं, कारण आमच्यात तिघं-चौघं इतके मोठ्याने बोलतात की बाकीच्यांना जागाच मिळत नाही आणि त्यात मीही आलेच. तिने शेवटच्या प्रवेशाच्या बाजूला कमेंट लिहिली, "इथे ब्लॅकआउट नको, स्वयंपाकघराचा दिवा तेवढा चालू राहू दे, काकू अजून आत आहेत ना." रात्री सव्वा वाजता लिहिलेली. सकाळी दिग्दर्शकाने खाली लिहिलं, "हाच शेवट." संगणकावरून बोलणाऱ्या गटांत सगळ्यांचा सहभाग जास्त समान होतो हे १९८४ सालीच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी लिहून ठेवलंय, त्यांनीच हेही लिहिलंय की अशा गटांना एकमत व्हायला वेळ जास्त लागतो आणि भाषा लवकर घसरते. तेही झालं. पहिल्या अंकातल्या एका वाक्यावर ४३ कमेंट झाल्या, शेवटी ते वाक्य हॉलमध्ये पाच मिनिटांत सुटलं. पण त्या मुलीची ती एक ओळ मिळाली, तेवढ्यासाठी मी असल्या शंभर कमेंट वाचायला तयार आहे.

स्टार द्यायचे तर गुगल डॉक्सला पाच, ग्रुपला चार, व्हिडिओ मीटिंगला वाचनासाठी पाच आणि उभ्या तालमीसाठी एक. प्रयोग रंगला, स्वयंपाकघराचा दिवा तसाच राहिला आणि थिएटरमध्ये काही सेकंद कुणी टाळीच वाजवली नाही, मग वाजली. काकूंना अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं.

यंदा वेळापत्रक उलटं केलंय. पहिले तीन शनिवार-रविवार सगळ्यांनी नाशिकला यायचंच, प्रवासाचा खर्च संस्थेचा, उभं राहून सगळं बसवायचं, आणि ऑनलाइनवर नुसतं पाठांतर आणि निवडानिवड. भांडणाचा सीन स्क्रीनवर अजिबात करायचा नाही. पहिली तालीम येत्या शनिवारी, काकू गुरुवारीच बंगळूरहून निघतायत आणि डबा त्यांच्याकडेच आहे.