‘क्लेम पास करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

सोलापूरच्या साखर पेठेत माझ्या मावशीचं जुनं दुमजली घर आहे. वर ती एकटी राहते, खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. भाडेकरू नवरा-बायको युनिफॉर्मचं कटिंग घरी आणून शिवतात, पूर्व भागात घरोघरी चालतं तसं. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, तेव्हा मावशीने धसका घेतला आणि घराचा विमा काढला. त्याच पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन खालच्या मीटर बोर्डात शॉर्टसर्किट झालं. माणसं वाचली. छत, दारं-खिडक्या, सगळी वायरिंग आणि भाडेकरूंचे कापडाचे गठ्ठे जळाले.

कंपनीला फोन करून क्लेमची नोंद झाली होती. भिंतींचा जळका वास अजून गेलाही नव्हता, तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस दारात आला. ‘मावशी, मी क्लेमचं काम बघतो. सर्व्हेअर आमच्याच ओळखीचा आहे. तुम्ही बाईमाणूस, एकट्या, कंपनीवाले तुम्हाला फिरवतील. मी पास करून देतो.’ तिचा पॉलिसी नंबर त्याला आधीच माहीत होता. त्यामुळे तो कंपनीचाच माणूस असं तिला वाटणं साहजिक होतं.

त्याने आधी सर्व्हेअरची फी म्हणून 18,500 रुपये मागितले, ते एका खाजगी नावाच्या यूपीआयवर. घरमालकांनो, हे नीट वाचा. सर्व्हेअर म्हणजे नुकसानाची पाहणी करून ते किती झालं हे सांगणारा माणूस. त्याला विमा कंपनी नेमते आणि त्याची फीही कंपनीच देते. पॉलिसीधारकाने एक रुपयाही द्यायचा नसतो. सर्व्हेअरकडे विमा नियामक आयआरडीएआयचा परवाना असतो, त्याचा नंबर मागून पडताळता येतो. तो पैसे मागत असेल, किंवा त्याच्या नावाने दुसरा कुणी मागत असेल, तर तिथेच थांबायचं.

पैशांपेक्षा कितीतरी मोठं नुकसान कागदांनी केलं. त्याने मावशीच्या सह्या घेतल्या त्या कोऱ्या क्लेम फॉर्मवर, कोऱ्या डिस्चार्ज व्हाउचरवर (म्हणजे ‘पैसे पूर्ण मिळाले’ असं लिहून देण्याच्या कागदावर) आणि ‘सिक्युरिटी’ म्हणून दोन कोऱ्या चेकवर. मिळणाऱ्या रकमेतले वीस टक्के त्याचे, असं ठरलं. फॉर्मवर त्याने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला. पुढे कंपनीने जी कागदपत्रं मागितली, सर्व्हेअरने जे प्रश्न विचारले, ते सगळे मेसेज त्याच्याकडे गेले. मावशी इकडे ‘काम चालू आहे’ एवढंच ऐकत राहिली. जळालेला बोर्डसुद्धा सर्व्हेअर येण्याआधी त्याने काढून टाकायला लावला. आगीचं कारण सांगणारी तीच तर वस्तू होती. पाहणी होईपर्यंत जळकं काही हलवायचं नसतं, फक्त नुकसान आणखी वाढणार नाही एवढी काळजी घ्यायची असते.

मग रक्कम फुगवण्यासाठी त्याने सामानाच्या यादीत भाडेकरूंचे गठ्ठे आणि शिलाई मशीनही मावशीच्या मालकीचे म्हणून घातले. भाडेकरूंकडूनही त्याने 6,000 रुपये घेतले होते, ‘तुमचं पण यातच बसवतो’ म्हणून. असं काही बसत नाही. घरमालकाची पॉलिसी घरमालकाची इमारत आणि त्याचं स्वतःचं सामान झाकते. भाडेकरूचं सामान भाडेकरूनेच विम्यात घ्यावं लागतं. आणि घरात धंद्याचा माल साठवला जात असेल, तर ते पॉलिसी घेतानाच कंपनीला सांगायला हवं.

तिसरी गोष्ट भाड्याची. मावशीची पॉलिसी भारत गृह रक्षा होती. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्या विकतात ती ही घराची प्रमाणित पॉलिसी. घर राहण्याजोगं नसेल त्या काळात बुडालेलं भाडंही तिच्यात मिळू शकतं. पण भाडेकरार नोंदवलेला नव्हता. तेव्हा या माणसाने जुन्या तारखेचा नोटरी केलेला करार बनवून फाइलला लावला. स्टॅम्प पेपर विकल्याची तारीख कराराच्या तारखेनंतरची निघाली.

अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदवलेला करार असता तर खोटा करार शिरायला जागाच नव्हती.

सर्व्हेअरने बिलं तपासली. ज्या दुकानाची बिलं जोडली होती त्या दुकानाने ती दिलेलीच नव्हती. कंपनीचं पत्र पोस्टाने मावशीच्या पत्त्यावर आलं तेव्हा पहिल्यांदा आम्हाला हे सगळं कळलं. पॉलिसीतली अट स्पष्ट आहे. क्लेममध्ये खोटेपणा आढळला तर सगळेच लाभ जातात. म्हणजे जळालेलं छत खरं, दारं खरी, अग्निशमन दलाचा दाखला खरा, पोलिसांकडची अकस्मात जळीतची नोंद खरी, आणि तरीही क्लेम शून्य. दुसऱ्याने घातलेल्या चार खोट्या बिलांनी खरं नुकसानही बुडवलं. याचा मला आजही राग येतो. बासष्ट वर्षांच्या बाईची आयुष्यभराची पुंजी आहे ते घर.

पत्र आलं त्याच दिवशी आम्ही बँकेत जाऊन चेक थांबवायला सांगितले. त्यातला एक 40,000 ला आधीच वटला होता. त्या माणसाचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे.

आता आम्ही काय करतोय ते सांगतो, कुणाला तरी वाट सापडेल. पोलीस ठाण्यात फसवणूक आणि बनावट कागदांची लेखी तक्रार दिली आहे. यूपीआयने गेलेल्या पैशांची नोंद 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. हा फोन लगेच केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, आमच्या बाबतीत उशीर झाला होता. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मावशीने स्वतःच्या सहीने पत्र दिलं, त्यात भाडेकरूंचं सामान आणि ती बिलं आपली नाहीत हे स्वच्छ लिहिलं आणि फक्त इमारतीचा खरा खर्च पुन्हा मागितला. सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडली.

कंपनीने नकार कायम ठेवला, म्हणून आता प्रकरण पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. त्यांनी नाकारली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की लोकपालांकडे जाता येतं, आणि त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर ते घेत नाहीत. ग्राहक आयोग सोलापुरातच आहे, तिथली मुदत दोन वर्षांची.

डिस्चार्ज व्हाउचरबद्दल एक सांगायचं राहिलं. ‘पूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाल्याची सही दिली म्हणजे हक्क कायमचा संपतो असं नाही. ती सही फसवून किंवा दबावाने घेतली असेल तर दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलं आहे. तरी कोऱ्या व्हाउचरवर सही करूच नका.

क्लेमच्या फॉर्मवर नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे आज कंपनीला फोन करून विचारा. आईवडील, मावशी, आत्या एकट्या राहत असतील तर त्यांच्या वतीने तुम्ही विचारा. आयआरडीएआयची हेल्पलाइन 155255 आहे. आणि असा माणूस सोलापुरात तुमच्या दारात येऊन गेला असेल, तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि कॉलची यादी जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पोलिसांनी आम्हाला हेच विचारलं होतं, आणखी कुणी आहे का.