‘ओळखीतला’ एजंट आणि माझे ९३ हजार

मी पाइप फिटर. आयटीआय झाल्यापासून चौदा वर्षं लोटे एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करतोय, मध्ये दोनदा जामनगरच्या रिफायनरीत शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून होणारं दुरुस्तीचं काम, मारून आलो. गेल्या मे महिन्यात ठेका संपला आणि नव्या ठेकेदाराने रोजंदारी कमी सांगितली. त्याच आठवड्यात आतेभावाचा फोन आला. अंधेरीला एक एजंट आहे, कतारला माणसं पाठवतो, आपल्या ओळखीतला आहे.

रात्रीच्या एसटीने मुंबई गाठली. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, एसी, टेबलामागे एक मुलगी आणि भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स. परदेशात माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी हुशारी केली. लायसन्सचा फोटो काढला आणि खाली चहा पिताना ई-मायग्रेटच्या, म्हणजे मंत्रालयाच्याच, साइटवर कंपनीचं नाव शोधलं. निघालं! नंबर तोच, लायसन्स चालू. मी निर्धास्त.

त्याच पानावर कंपनीचा पत्ता आणि फोनही होता, तो मी वाचलाच नाही. पत्ता अंधेरीचा नव्हता. पुढे चार महिन्यांनी त्या फोनवर बोललो तेव्हा पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, “आमची अंधेरीला शाखाच नाही हो. तुम्ही या महिन्यातले तिसरे.” म्हणजे लायसन्स खरं होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं. आता कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, की नंबर जुळला म्हणून थांबू नका. साइटवर दिलेल्या फोनवर बोला आणि समोर बसलेला माणूस त्यांचाच आहे का ते विचारा.

मग ट्रेड टेस्ट. साकीनाक्याला एका गाळ्यात नेलं, हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग (पाइपलाइनचा नकाशा) दिलं, सहा इंची पाइपला दोन फ्लँज, म्हणजे जोडणीच्या भोकं असलेल्या चकत्या, लावायला सांगितले. मी मन लावून केलं. टेस्ट घेणाऱ्याने फ्लँजच्या भोकांवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघितलंसुद्धा नाही. लांबूनच “पास” म्हणाला. लोट्याला नवशिका हेल्परही आधी लेव्हल मागतो. मला तिथेच खटकायला हवं होतं, खटकलंही, पण पास झाल्यावर वाद कोण घालतो?

मेडिकल जवळच्याच एका लॅबमध्ये झालं. कतारच्या नोकरीच्या व्हिसाला असं कुठल्याही लॅबमध्ये मेडिकल होत नाही. त्यासाठी कतार व्हिसा सेंटर आहे, मुंबईतही आहे. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही हे सगळं तिथेच होतं, आणि त्याचा खर्च तिकडची कंपनी भरते. मला हे माहीत नव्हतं. कतारला जाऊन आलेल्या एका माणसाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

ई-मायग्रेटवर माझी नोंद कधी होणार, असं विचारलं तर एजंट हसून म्हणाला, “भाऊ, तुम्ही दहावी पास, पासपोर्ट ईसीएनआर. तुम्हाला त्याची गरजच नाही.” अर्धं खरं होतं. ईसीएनआर पासपोर्टवाल्याला नोकरीसाठी परदेशात जायला सरकारची वेगळी मंजुरी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागत नाही. पण एजंटाला नोंदणी लागतेच, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याचं कलम १० तेच सांगतं. अर्ध्या खऱ्यावर उत्तर सुचत नाही, मीही गप्प बसलो.

पैसे एकदम मागितले असते तर कदाचित दिले नसते. फाइलचे ३ हजार, टेस्ट-मेडिकलचे १२ हजार, दोन्ही रोख, पावती नाही. व्हिसा आला म्हणून ५० हजार, तिकिटाचे २८ हजार, हे यूपीआयने, कुठल्याशा बाईच्या बचत खात्यावर. कंपनीचं खातं “ऑडिटमुळे बंद” होतं म्हणे. नोंदणी असलेला एजंटसुद्धा ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेऊ शकत नाही आणि त्याचीही पावती द्यावी लागते. माझे ९३ हजार गेले. त्यातले ५० बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून आणलेले.

तिकीट व्हॉट्सअॅपवर आलं. पीएनआर साइटवर टाकला, बुकिंग दिसलं, घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी परत बघितलं तर रद्द. नुसतं होल्ड करून स्क्रीनशॉट पाठवला होता. मग खेडच्या सायबर कॅफेत बसून व्हिसाचा नंबर कतारच्या सरकारी साइटवर तपासला. असा व्हिसाच नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली गेली, पण पैसे देऊन पंधरा दिवस झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. लगेच केला असता तर निदान शेवटचे २८ हजार अडकवता आले असते. पोलीस ठाण्यात आम्ही सातजण एकत्र गेलो, एकेकट्याला बसवून ठेवत होते. बीकेसीला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी, ऑफिसातही अर्ज दिला. गुन्हा दाखल आहे. एजंटाचा पत्ता नाही. त्या मुलीच्या ड्रॉवरमधून पासपोर्ट तेवढे मिळाले, रबरबँड लावलेला अकरांचा गठ्ठा. माझ्या पासपोर्टला स्टिकर होता, ‘फिटर – क्यू – पूर्ण भरले’. पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, एजंटाने तो ठेवून घ्यायचा नसतो, हे हवालदारसाहेबांनी तेव्हा सांगितलं.

आता त्या ‘ओळखीतला’ शब्दाबद्दल. आतेभावाला मी नंतर विचारलं, तुझी ओळख कशी? त्याला त्याच्या मित्राने सांगितलेलं. मित्राला कामथ्याच्या कोणीतरी. साखळीतल्या प्रत्येकाने पैसे भरलेले आणि प्रत्येकजण व्हिसाची वाट बघत बसलेला. त्या एजंटाकडून विमानात बसलेला एकही माणूस आम्हाला कधी भेटला नव्हता. आम्ही विचारलंच नाही.

आणि मीही त्या साखळीत आहे. जूनमध्ये, माझे १५ हजार भरून झाले होते तेव्हा, ऑफिसात बसलो असताना एजंटाने फोन माझ्या हातात दिला. “बोला हो भाऊ, तुमच्याच कोकणातला पोरगा आहे, घाबरतोय.” गुहागरचा, वेल्डर, तेवीस वर्षांचा. मी त्याला सांगितलं, हो, माणूस चांगला आहे, माझंही काम होतंय. त्याने दुसऱ्या दिवशी ४० हजार भरले.

त्याच्याकडे माझा नंबर आहे. दर पंधरा दिवसांनी फोन करतो, “दादा, काही कळलं का?” एवढंच विचारतो. मीच त्याला भरायला सांगितलं, हे तो अजून एकदाही बोललेला नाही.