महाद्वार रोडचा विंडचीटर आणि एस्परन्सचा वारा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांना पुढं वाचायला नको: विंडचीटर चांगला, चेन फालतू, टोपी अर्धवट, पाचपैकी साडेतीन स्टार. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. कोल्हापुरात महाद्वार रोडला घेतलेली ही वस्तू मी इथं नाही तर ऑस्ट्रेलियाच्या पार खालच्या किनाऱ्यावर, एस्परन्स नावाच्या गावात जवळपास वर्षभर वापरलीय, आणि सध्या आमच्या गल्लीत दोन घरं सोडली की कुणाचं तरी पोरगं तिकडं चाललंय नाहीतर आईबाप पोराकडं चाललेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, काकी तिकडं थंडी किती असते, जॅकेट कसलं न्यायचं.

एस्परन्स म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं बंदराचं गाव. पर्थपासून गाडीनं 700 किमी, अख्खा दिवस जातो. वस्ती म्हणाल तर आपल्या जयसिंगपूरच्या पासंगालाही पुरणार नाही. पाठीमागं गहू-बार्लीची नजर पोचणार नाही एवढी शेतं, समोर शंभरावर छोटीमोठी बेटं, आणि त्याच्या पलीकडं थेट अंटार्क्टिकापर्यंत नुसतं पाणी. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, सगळा खेळ त्याचाच आहे. माझा मुलगा तिथं शेतीच्या मशिनरीचा मेकॅनिक, म्हणून आम्ही दोघं गेलेलो.

दुकानाचा अनुभव सांगते. ऑस्ट्रेलिया म्हटल्याबरोबर दुकानदारानं वरच्या फळीवरनं ते फुगलेलं जॅकेट काढलं, अंगात घातलं तर गादी गुंडाळून उभं राहिल्यासारखं वाटत होतं. "फॉरेनला जाताय ना काकी, मग हेच न्या, मायनस दहाला बी काय होत नाही." किंमत साडेचार हजार. म्हटलं अरे बाळा, कुठलं मायनस, त्या गावात बर्फ पडत नाही. त्याला काही पटेना, फॉरेन म्हंजे बर्फ हे डोक्यात फिट बसलेलं. माझ्या पोरानं मात्र फोनवर बजावून सांगितलेलं, आई थंडीसाठी काही घेऊ नको, वाऱ्यासाठी घे. मग आतल्या बाजूला लटकवलेला हा विंडचीटर काढायला लावला: पातळ कापड, आत जाळीचं अस्तर, मनगटाला इलॅस्टिक, रंग गडद निळा. लेबलवर कंपनीचं नाव आहे पण ते दोन धुण्यांतच पुसलं, म्हणून ब्रँड विचारू नका.

आता हवामान. मोबाइलवर आकडे बघितले तर वाटतं काय विशेष नाही. जुलैत, म्हणजे त्यांच्या भर हिवाळ्यात, दुपारी 17 डिग्री आणि पहाटे 8 च्या आसपास. जानेवारीत दुपारी 26, पहाटे 15-16. म्हंजे त्यांचा भर उन्हाळा हा दुपारच्या आकड्यानं आपल्या पावसाळ्यातल्या जुलैएवढाच झाला. वर्षाचा पाऊस 600 मिमीच्या थोडा वर, कोल्हापुरात साधारण 1000 पडतो आणि गगनबावड्याचं तर विचारूच नका. कागदावर हे हवामान इतकं गोड दिसतं की वाटावं माणसं तिथं अर्ध्या बाह्यांवर फिरत असतील. फिरतात पण, तिथली माणसं. चड्डी, बनियन आणि वर लोकरीची टोपी असली माणसं मी जुलैत दुकानात बघितलीत.

पण आकड्यात वारा धरलेला नसतो ना. तिथं दुपारी ताशी 25-30 किमीचा वारा ही रोजची गोष्ट, आणि फ्रंट, म्हणजे समुद्रावरनं येणारी गार हवेची आघाडी, आला की त्याच्या दुप्पट. अंगाभोवती जी थोडी गरम हवा धरलेली असते ती वारा उडवून लावतो, मग 17 डिग्रीलाही दात वाजतात. आमचे हे पहिल्या आठवड्यात तीन स्वेटर एकावर एक घालून बाहेर पडले आणि तरी कुडकुडत परत आले, कारण स्वेटरच्या विणीतनं वारा आरपार जातो. मी एकच पातळ स्वेटर आणि वर हा विंडचीटर, निवांत. इथं वस्तूला पैकीच्या पैकी मार्क. वारा एवढा आहे म्हणून तर ऑस्ट्रेलियातल्या वीज बनवणाऱ्या सुरुवातीच्या पवनचक्क्या याच गावाजवळ उभ्या राहिल्या, 1987 ला साल्मन बीचला आणि 1993 ला टेन माइल लगूनला. सरकारानं जागा उगाच नाही निवडली.

पावसाचा हिशोब आपल्या उलटा आहे. आपल्याकडं मान्सून येतो, ठाण मांडून बसतो आणि मग पंचगंगा राजाराम बंधारा बुडवते. तिकडं जून-जुलै-ऑगस्टलाच जास्त पाऊस असतो खरा, पण तो मान्सूनचा नव्हे. उन्हाळ्यात उच्च दाबाचा पट्टा खाली दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळं पावसाचे ढग समुद्रावरनंच परस्पर निघून जातात, जानेवारीत 20-25 मिमी पडला तरी खूप. हिवाळ्यात तोच पट्टा उत्तरेला सरकतो आणि मग पश्चिमेकडनं दर चार-आठ दिवसांनी एकेक फ्रंट येऊन आदळतो, महिन्याला 80 ते 100 मिमी. झड अशी नसतेच. सर आली, गेली, ऊन पडलं, परत सर, आणि मध्येच इंद्रधनुष्य, इतकी इंद्रधनुष्यं की शेवटी शेवटी आम्ही बघायचंच सोडलं.

फ्रंट येतो कसा ते गावच्या जेट्टीवर उभं राहून बघितलं. सकाळपासनं वायव्येकडनं वारा, ऊबदार म्हणावा असाच, दुपारपर्यंत जोर वाढत गेला. मग पश्चिमेला समुद्रावर एक काळी पट्टी दिसायला लागली, अगदी पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मासे धरत बसलेली दोन पोरं गपगुमान गळ गुंडाळून गाडीकडं निघाली, तेव्हाच आम्ही समजायला पाहिजे होतं पण आमचे हे फोटो काढत होते. वारा एकदम थांबला. आणि पुढच्या मिनिटाला नैऋत्येकडनं असा आला की ह्यांच्या डोक्यावरची टोपी जी गेली ती गेलीच, पाठोपाठ आडवा पाऊस, त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी गार. मी साडीचा पदर विंडचीटरच्या आत कोंबून चेन गळ्यापर्यंत ओढली, अंग कोरडं राहिलं. पण विंडचीटरच्या टोपीला आवळायला दोरी नाही! एका हातानं टोपी धरायची, दुसऱ्या हातानं कठडा, आणि चष्मा पुसायचा कोणी? टोपी आहे आणि दोरी नाही हे डिझाइन ज्यानं केलं त्यानं समुद्र कधी बघितलेला नाही. नंतर मी पायजम्याची नाडी ओवून घेतली, दोन्ही टोकांना गाठ, झकास चालते.

छत्री अजिबात नेऊ नका. त्या गावात छत्रीवाला माणूस दिसला तर तो पाहुणाच समजायचा.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, थंडी घराबाहेर कमी आणि घरात जास्त. आमचं घर तरी लाकडी सांगाड्याचं, वर पत्रा, हीटर एकाच खोलीत. रात्री बेडरूममध्ये बाहेरच्याइतकंच गार. विंडचीटर घालून मी भाकऱ्या थापल्यात, सून हसायची, पण हसत हसत तिनं पण स्वतःचा काढला. कपडे वाळायचे म्हणाल तर वारा दणकून असल्यानं पाऊस नसेल तेव्हा तासाभरात वाळतात, फक्त चिमटे चांगले घ्या नाहीतर शेजारच्याच्या कुंपणावर शोधायला जावं लागतंय.

उन्हाळा हा वेगळाच विषय. डिसेंबरात पावणेपाचलाच उजाडतं, कोल्हापुरात तेव्हा सव्वादोन वाजलेले, त्यामुळं तिथनं घरी फोन करायचा तर नऊ वाजायची वाट बघा. संक्रांत भर उन्हाळ्यात. हौसेनं काळी साडी नेसले आणि हळदीकुंकवाला चार बायका (एक पंजाबी, एक केरळची, दोघी गोऱ्या) बोलावून बाहेर अंगणात बसले, अर्ध्या तासात पाठ भाजली. 26 डिग्रीचं ऊन असं कसं भाजतं? तर हवेत धूळ नाही, धूर नाही, ऊन गाळून येत नाही, युव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या कातडी भाजणाऱ्या किरणांचं माप, उन्हाळ्यात 11 च्या वर जातो. तिथं शाळेत पोराकडं टोपी नसेल तर खेळायला सोडत नाहीत. मग मी हाच विंडचीटर उन्हासाठी पण वापरला, पूर्ण बाह्या आणि वर कॉलर, आत घाम येतो पण दुपारी समुद्राकडनं वारा सुटला की तो पण सुकतो. हा दुपारचा वारा आत पार कालगुर्लीपर्यंत, जवळपास 400 किमी, जातो, सोन्याच्या खाणीच्या त्या तापलेल्या गावात त्याला लोक एस्परन्स डॉक्टर म्हणतात.

समुद्र मात्र भर उन्हाळ्यात सुद्धा 20 डिग्रीच्या आसपास. लकी बेची वाळू पांढरीशुभ्र, कांगारू किनाऱ्यावर येऊन बसतात, फोटोला नाद खुळा, पण पाण्यात पाय घातला की मणक्यापर्यंत कळ येते. मी गुडघ्यापर्यंत. बास.

आणि मग ते चार-दोन दिवस, ज्यासाठी कुठलंच जॅकेट कामाचं नाही. वारा समुद्राकडनं यायचा थांबतो आणि उत्तरेकडनं, आतल्या वाळवंटी मुलखाकडनं सुटतो. पारा 40 च्या वर, हवा कोरडीठाक, ओठ तडकतात, दाराच्या कडीला हात लावला तर चटका. अशा दिवशी शायर, म्हणजे तिथली नगरपालिका समजा, शेतात मशीन चालवायलाच बंदी घालते, कारण कापणीच्या मशीनची एक ठिणगी पुरते. माझा मुलगा त्या दिवशी घरी. रस्त्याकडेला आगीच्या धोक्याचे बोर्ड असतात, 2022 पासनं त्यावर चार पायऱ्या आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. हे काही उगाच नाही. गावाच्या उत्तरेला स्कॅडन भागात 17 नोव्हेंबर 2015 ला अशाच दिवशी आग पळत सुटली आणि चार माणसं गेली. शेतकरी अजूनही त्या दिवसाचं बोलताना आवाज खाली घेतात. मग संध्याकाळी कधीतरी वारा फिरतो, दक्षिणेकडनं थंड झुळूक येते आणि तासाभरात 12-15 डिग्री उतरतात. दुपारी पंखा आणि रात्री परत विंडचीटर. एकाच दिवसात. म्हणून माझं म्हणणं, तिकडं जाताना महिना बघून कपडे भरू नका, हा एक कायम हँडबॅगेत ठेवा, जूनला जा नाहीतर जानेवारीला.

आता तक्रारीचा भाग. चेन. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं, ते सगळ्यावर बसतं, खिडकीच्या काचेवर, गाडीवर, चष्म्यावर. दोन महिन्यांत चेनच्या हुकावर पांढरी-हिरवी खरपुडी धरली आणि ती छातीशी अडकायला लागली, वर नाही खाली नाही. मुलानं ब्रशनं घासली, मी वरनं मेणबत्ती फिरवली, मग चालायची, परत पंधरवड्यानं तेच. तिथल्या लोकांच्या जॅकेटला प्लॅस्टिकची जाड चेन असते, तिला काही होत नाही. दुकानदाराला परत आल्यावर दाखवली तर म्हणतो, "काकी, आमच्याकडं आजवर कुणाची तक्रार आली नाही." अरे पण तुझ्या गिऱ्हाइकांपैकी समुद्राला कोण घेऊन गेलं? रंकाळ्याच्या वाऱ्याला मीठ असतंय का! बदलून नाही दिली, चाळीस रुपयांत बाहेरनं प्लॅस्टिकची चेन बसवून घेतली. तुम्ही घेतानाच बसवून घ्या, महाद्वार रोडला आल्टरेशनवाले पावलापावलावर आहेत.

कापडाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. एवढ्या उन्हात, मिठात राहून रंग खांद्यावर थोडा उडालाय, बाकी एक टाका उसवलेला नाही. साइझ एक नंबर मोठी घ्या म्हणजे आत स्वेटर बसतो.

सध्या तो मी इथं स्कूटीवर वापरते. थंडीत सकाळी फिरायला जायला मस्त. पण पावसाळ्यासाठी म्हणून घेणार असाल तर थांबा, हा तिकडच्या पावसाचा आहे, दहा मिनिटांच्या सरीचा. आपली झड लागली की पाऊण तासात खांद्याच्या शिलाईतनं पाणी आत येतं, मागच्या जुलैत शाहूपुरीतनं घरी येईपर्यंत ब्लाउज भिजलेला. इथल्यासाठी शिलाईवर आतनं टेप मारलेला रेनकोट वेगळा घ्या. आणि विंडचीटरचे दुकानदार 1,250 सांगतो, 1,100 ला देतो, ऑस्ट्रेलियाला चाललोय म्हणून अजिबात सांगू नका.