पाइनसिल व्ही-२: घरच्या एसएमडी दुरुस्तीला पुरते का?

पेनाएवढी सोल्डरिंग आयर्न, यूएसबी-सीवर चालणारी. एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच डकवलेले बारीक भाग. आधी चार्जर बघा: २० व्होल्ट देणारा ६५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर हवा. मोबाइलच्या ९ व्होल्टवर ती जेमतेम तापते आणि ग्राउंडच्या रुंद तांब्याच्या पट्टीवर टेकवली की मान टाकते.

सोबतची सुईसारखी बिट (आयर्नचं बदलता येणारं टोक) एसएमडीसाठीच असेल असं वाटतं. तिथेच फसगत होते. टोकाला उष्णता पोचत नाही, मग माणूस तापमान वाढवत बसतो आणि पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडतं. तिरकी कापलेली किंवा चपटी बिट वेगळी घ्या, ०६०३ आकाराचा रेझिस्टर (१.६ × ०.८ मिमी) तिनेच नीट बसतो.

६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) ०.५ मिमी सोल्डर तार, तापमान ३२० अंशांच्या आसपास. एका पॅडवर कणभर सोल्डर, वर जेल फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन). चिमट्याने भाग सरकवत ते सोल्डर वितळवा. बिट काढल्यावरही चिमटा सेकंदभर तसाच धरा. मग दुसरी बाजू, शेवटी पहिल्या बाजूला पुन्हा फ्लक्स लावून ती वितळवा. सांधा मण्यासारखा फुगला तर सोल्डर जास्त झालं. सोल्डरचा उतार आतल्या बाजूला वळलेला दिसायला हवा. सिरॅमिक कपॅसिटर बिटने ढकलू नका, तडा जातो आणि तो वरून दिसतही नाही.

एक उणीव खरी: दोन पिनांच्या चार्जरवर बिटला अर्थिंग मिळत नाही. त्यामुळे बोर्डाची बॅटरी आणि सप्लाय आधी काढाच. बारीक पायांच्या आयसीला ही आयर्न चालेल. पोटाखाली ग्राउंड पॅड असलेल्याला मात्र हॉट एअरच (गरम हवेचा झोत) लागतं.