‘वाळूची टेकडी पुन्हा उभारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

दापोली-गुहागरच्या पट्ट्यात समुद्राला लागून प्लॉट बघत असाल तर टोकन देण्याआधी हे वाचा. विकासकाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमचं प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

माहितीपत्रक फार देखणं होतं. मर्यादवेलीची जांभळी फुलं, कासवाचं पिल्लू आणि मागे उतरत्या छपरांचे बंगले. एजंटचं पालुपद एकच: “काका, बाकीचे किनारा खातात, आम्ही परत देतो.” प्लॉटांच्या पुढ्यातली वाळूची टेकडी झिजली आहे, ती शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा उभी करणार, त्यासाठी गुंठ्यामागे ४० हजार ‘पर्यावरण निधी’ वेगळा. निवृत्तीचा पैसा चांगल्या कामाला लागतोय, याचं आम्हा नवराबायकोला बरंच वाटलं.

टेकडी झिजली कशी, ते शेजारच्या वाडीतल्या आजोबांनी सांगितलं. “झिजली कसली, त्यांनीच नेलानी.” बंगल्यांतून समुद्र दिसावा म्हणून जेसीबी लावून ती सपाट केली होती आणि तीच वाळू जोत्यांच्या भरावात गेली होती. म्हणजे आधी मोडायची आणि मग उभारणीचा खर्च आमच्याकडून घ्यायचा.

उभारलं काय, तर मुरूम आणि तांबड्या मातीचा बांध, वरून वाळूचा पातळ थर, त्यावर हिरवळीचे गालिचे आणि सुरूची रोपं. पहिल्याच पावसाळ्यातल्या उधाणाने वाळू धुऊन नेली आणि लाल चिखल पुळणीभर पसरला. खरी टेकडी वारा बांधतो. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल आणि काटेरी गवत रुजतं, उडणारी वाळू त्यात अडकते, वेल वर सरकते, पुन्हा वाळू अडकते. पावसाळ्यात समुद्र त्यातली वाळू ओढून नेतो, उथळ पाण्यात तिचा बांध घालतो आणि पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणतो. ही देवघेव मुरमाला जमत नाही. मनापासून करणारे लोक झावळ्यांची कुंपणं रोवतात, माणसांची ये-जा उंच लाकडी वाटेवरून वळवतात आणि काही वर्षं थांबतात. ‘सहा महिन्यांत टेकडी’ असं कुणी म्हणालं तर तो मातीकाम विकतोय. सुरूबद्दलही एक सांगतो. त्याच्या सुयांच्या थराखाली वेली फारशा वाढत नाहीत आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच किनाऱ्यावर कितीतरी सुरू आडवे झाले. तरी माहितीपत्रकांत सुरू असतोच, फोटोत छान दिसतो ना!

पण खरी मेख कागदात होती. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागांच्या पंक्तीत बसतात. तिथे बंगला होत नाही. सुशोभीकरणासाठी टेकडीचा आकार बदलणंही २०११ च्या अधिसूचनेत निषिद्ध कामांच्या यादीत होतं. तेव्हा ‘तुमच्या प्लॉटवर टेकडी पुन्हा उभारतो’ हे वाक्य म्हणजे ‘तुमच्या प्लॉटवर बांधकाम होणार नाही’ याची विकासकानेच दिलेली कबुली आहे. आम्हाला दाखवलेला बिनशेतीचा आदेश खरा होता, फक्त तो त्याच गटाच्या रस्त्याकडच्या तुकड्याचा होता. समुद्राकडची बाजू सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून लागलेली आहे. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी नंबर विचारला तर “फार्महाऊसच्या प्लॉटना लागत नाही” असं उत्तर मिळालं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते, नाव फार्महाऊस ठेवा नाहीतर आश्रम.

प्लॉट आवडलाच तर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या मंजूर नकाशावर तुमचा गट नंबर शोधा. भरतीरेषा एजंटच्या मोबाइलवर बघू नका; अधिकृत संस्थेने आखलेला, गट नंबर दाखवणारा नकाशा मागा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्या रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं, दाट वस्तीच्या गावांत २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणलं. एजंट सगळीकडे ५०च सांगतात. बिनशेतीच्या आदेशासोबतचा नकाशा बघितल्याशिवाय नुसता आदेश हातात घेऊ नका.

आणि पावती नीट वाचा. आमचा ‘पर्यावरण निधी’ कंपनीच्या नावाने नव्हे, एका प्रतिष्ठानच्या नावाने घेतला गेला. आता विकासक म्हणतो, ते पैसे आम्हाला मिळालेच नाहीत. प्रतिष्ठान म्हणतं, ती देणगी होती, देणगी परत होत नसते. प्लॉटच्या रकमेचा दावा उभा राहिला, या रकमेवर मात्र आमचे वकीलही नकारार्थी मान हलवतात.

याच भागात अशा दुहेरी पावत्या तुमच्याकडे असतील तर मूळ प्रत हातची सोडू नका. सध्या एजंट घरी येऊन “काका, जीएसटीसाठी पावती बदलून देतो” म्हणून जुन्या पावत्या गोळा करत फिरताहेत.