बेसमेंटमधले ट्राउट : हिवाळा ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

घरात ट्राउट, म्हणजे थंड ओढ्यांतला मासा, पाळता येतो का? येतो. पण तुम्ही मासा पाळत नाही, थंड आणि वाहतं पाणी पाळता. मासा त्यात आपोआप राहतो. हे आधी पटलं तर पुढचं वाचा, नाहीतर गोल्डफिश उत्तम.

आम्ही मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. जवळून वाहणाऱ्या स्प्रिंग क्रीकला चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही थंड असते आणि ब्राउन ट्राउटने भरलेली असते. इथल्या अनेक शाळांत मुलं वर्गातल्या टाकीत ट्राउटची अंडी उबवून वसंतात पिल्लं ओढ्यात सोडतात. आमच्याही घरी ते खूळ शिरलं. फरक एवढाच की शाळेची पिल्लं काही इंचांची होऊन निघून जातात, आपली राहतात आणि वाढत राहतात.

टाकी १२५ गॅलनची, म्हणजे साधारण ४७५ लिटर, ६ फूट लांब. लांबी महत्त्वाची, उंची नाही. ट्राउटला पळायला सरळ पट्टा लागतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, १/३ अश्वशक्तीचा. टाकी जुनी घेतली, चिलर नवा, ७०० डॉलरच्या आसपास. खर्चात काटकसर करायची तर टाकीवर करा, चिलरवर नको. रेनबो ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअस मानवतं, २० च्या वर तो खाणं सोडतो आणि २५ च्या आसपास मरतो. मी १२ वर ठेवलंय. लहान चिलर हिवाळ्यात चालेल, पण जुलैत दिवसभर धापा टाकेल आणि तरी १७ वरच अडकेल.

चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि ती खोलीत सोडतो. जानेवारीत बेसमेंट त्यामुळे छान उबदार राहिलं, घरच्यांनी कौतुकही केलं. जूनमध्ये तेच यंत्र खोली तापवायला लागलं, खोली तापली की टाकी तापते, टाकी तापली की यंत्र जास्त चालतं. शेवटी चिलर शेजारच्या खोलीत हलवला आणि भिंतीतून पाइप नेले. विजेचा खर्च हिवाळ्यात महिन्याला २० डॉलरच्या आत होता, उन्हाळ्यात दीडपटीहून जास्त. आवाज जुन्या फ्रिजइतका.

काच ओली होणं हा या छंदातला सर्वात कमी सांगितला जाणारा त्रास. खोलीत २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. आपली काच १२ ची. उन्हाळ्यात समोरच्या काचेवरून ओघळ वाहायचे, स्टँडचं लाकूड फुगायला लागलं, मासे तर दिसेचनात. मागे, बाजूंना आणि खाली दोन इंची फोम बोर्ड लावला, समोर हवेची फट ठेवून अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवला. शिवाय डिह्युमिडिफायरने आर्द्रता ४५ टक्क्यांखाली ठेवली. आता काच कोरडी आहे. हो, डिह्युमिडिफायरही उष्णता सोडतो. कोणी फुकट काम करत नाही.

फिल्टरबद्दल एक गोष्ट नक्की सांगतो. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू थंडीत फार सुस्त असतात. म्हणून चिलर बंद ठेवून, मासे न आणता, २५ अंशांत अमोनिया घालून फिल्टर तयार केला आणि मगच तापमान हळूहळू उतरवलं. दिलासा एवढा की थंड पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी भाग कमी असतो. पण ट्राउट प्रथिनं खाणारा मासा, गोळ्यांत ४५ टक्के प्रथिन, तेव्हा घाणही तशीच. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलतो. नळाचं पाणी उन्हाळ्यात १८-२० अंशांवर येतं, म्हणून तेव्हा थोडं थोडं घालतो.

ऑक्सिजनची चिंता मात्र थंडीनेच अर्धी मिटते. १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत साडेसातच. तरीही वीज गेली की आधी धोका ऑक्सिजनचा असतो. फोममुळे पाणी तापायला कित्येक तास लागतात. म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हवाच, चिलरसाठी जनरेटर नंतर.

आता मासे. परवानाधारक हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, रेनबो ट्राउटची तीन इंची पिल्लं आणली, पावती जपून ठेवली आहे. नियम राज्यागणिक वेगळे, आधी विचारून घ्या. ओढ्यातून मासा, दगड, शेवाळ काहीही आणू नका. स्प्रिंग क्रीकमध्ये २०१३ मध्ये न्यूझीलंडची परकी चिखलगोगलगाय सापडली. ती चिमुकली असते आणि बुटाला चिकटूनही प्रवास करते. टाकीतला मासा परत ओढ्यात सोडणंही नको, याच कारणाने.

पाहण्याची मजा मात्र अफाट. सगळे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगतात. पंपाच्या तोंडाजवळची जागा सर्वांत मोठ्याची, विरार लोकलच्या दारातल्या माणसासारखी. दुसरा कोणी जवळ आला की त्याचं शेपूट चावून हाकलतो. तीन-चारच मासे असतील तर एका बिचाऱ्याचे पर फाटून जातात. संख्या थोडी जास्त असली की मार वाटला जातो. प्रवाहात मोठे दगड टाकून आडोसे केल्यावर भांडणं बरीच कमी झाली. अंगावरचे लहानपणीचे गडद पट्टे हळूहळू पुसट झाले आणि बाजूने गुलाबी रेघ उमटली, ती पाहायला लोक खास खाली येतात. दिवा अचानक लावू नका, काचेवर डोकं आपटतात. आणि झाकण घट्ट, वजन ठेवून. ट्राउट उडी मारतो म्हणजे मारतोच.

पुण्याहून चुलतभावाने विचारलं, आपल्याकडे जमेल का. मे महिन्यात तिथल्या टाकीतलं पाणी ३० च्या घरात. ते १२ वर आणायचं म्हणजे खोलीच एसीत ठेवावी लागेल. भारतात ट्राउट कुलू, काश्मीर, निलगिरीत टिकला तो तिथल्या थंड पाण्यामुळे. त्याला म्हटलं, प्रवाहातलाच मासा हवा तर पश्चिम घाटातला मिस केरळ पाळ, तो २२-२४ अंशांत खूश असतो.

खरी अडचण वाढीची. महिन्याला जवळजवळ इंच. उन्हाळा संपता संपता सगळ्यात मोठा दहा इंचांच्या पुढे गेलाय आणि सहा फुटी टाकी त्याला दोन शेपट्यांत संपते. हॅचरीवाले रोगाच्या भीतीने परत घेत नाहीत. तेव्हा मासे आणण्याआधीच शेवट ठरवा. आमचा ठरला होता, म्हणूनच औषधं कधी घातली नाहीत, फार तर साधं मीठ. मत्स्यालयाच्या औषधांच्या बाटल्यांवर खाण्याच्या माशांसाठी नाही असं लिहिलेलं असतं. दोन मासे हळद-तिखट-रवा लावून तव्यावर गेले. चव स्वच्छ, बोंबील-सुरमईसमोर जरा मिळमिळीत. मुलीने त्या दिवशी वरण-भात खाल्ला. उरलेल्यांसाठी ओळखीच्या एका शेतावरच्या झऱ्याच्या तळ्याची परवानगी काढणं चालू आहे. फोम, चिलर, फिल्टर तसंच ठेवणार. पुढच्या खेपेला मोजकी ब्रूक ट्राउटची पिल्लं, आणि ती सहा इंचांची होण्याआधी त्यांची पुढची सोय.