होमरनचा राजा: बाँड्स की अ‍ॅरन?

भाचा विचारतोय, बेसबॉलमध्ये होमरनचा (क्रिकेटच्या षटकारासारखा, बॉल मैदानाबाहेर टोलवायचा फटका) राजा कुणाला मानू? नुसता आकडा बघायचा तर बॅरी बाँड्स ७६२, हँक अ‍ॅरन ७५५, विषय संपला. पण २००१ला बाँड्सने एका सीझनमध्ये ७३ मारले तेव्हा मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) स्टेरॉइडची टेस्टच नव्हती, आणि अ‍ॅरन कधीच ४७च्या वर गेला नाही, तरी वर्षानुवर्षं मारत राहिला, वर्णद्वेषी धमक्यांची पत्रं झेलत १९७४ला जुना विक्रमवीर बेब रूथचे ७१४ मागे टाकले, मला तर हेच जास्त अवघड वाटतं. अ‍ॅरनचा विक्रम मोडणाऱ्या बाँड्सच्या ७५६व्या होमरनचा बॉल हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गज खेळाडूंच्या सन्मानाचं संग्रहालय) आहे, त्यावर संशयाची चांदणी (*) कोरलेली, बाँड्स स्वतः मात्र बाहेरच.

पण बॅटिंग शिकायची तर बाँड्सच बघ, पिचर (बॉल टाकणारे) घाबरायचे, २००४ला २३२ वॉक (चार चुकीचे बॉल पडले की न मारता मिळणारा पहिला बेस), त्यातले १२० मुद्दाम दिलेले! रेकॉर्डबुक पाठ करायचं तर बाँड्स, मनापासून कुणाला मानायचं तर अ‍ॅरन.